धुपाटण्यातली माती

बाबा, तुमच्या बायकोने इथे आयर्लंडमध्ये येऊन शेजाऱ्यांची देवी घासून टाकली. दुसऱ्या कुणाकडून तुम्हाला कळण्याआधी माझ्याकडून कळलेलं बरं. तुम्ही असता तर आधी पोटभर हसला असता, मग देवळाच्या पायरीवर बसून पानाला चुना लावत म्हणाला असता, "पयल्यापासून सांग." गावातलं कुणीही गाऱ्हाणं घेऊन आलं की तुमचं पहिलं वाक्य हेच असायचं. माणूस घाईघाईने मधूनच सुरू करायचा आणि तुम्ही त्याला परत पहिल्याला नेऊन बसवायचा. तेव्हा पहिल्यापासूनच सांगते. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, की मला आता कसलीच घाई नाही.

मी डब्लिनच्या कडेला ॲडम्सटाउनमध्ये राहते. घरं एकाला एक चिकटलेली, विटाही सारख्या आणि दारंही सारखी, त्यामुळे सुरुवातीला आई दोनदा भलत्याच घराची बेल वाजवून आली. मी ज्या प्लांटमध्ये काम करते तिथे हृदयाच्या शिरेत घालायच्या बारीक नळ्या बनतात आणि त्यातली वाईट निघालेली नळी बाजूला काढणं हे माझं काम आहे. आई कधी यायलाच तयार नव्हती. या वर्षी कशी कोण जाणे, उन्हाळ्यापुरती आली. तुमच्या नातीचा तिला भारी लळा. तुम्ही ती पाहिलीच नाहीत. तिला मालवणी सगळी समजते, पण उत्तर देते ते इथल्या मुलांच्या हेल काढलेल्या इंग्रजीत. आई तिला विचारते, "जेवलंस काय गो?" आणि ही म्हणते, "आय'म ग्रँड, आजी." इथे ग्रँड म्हणजे ठीक; आईने त्याचा अर्थ पोट भरलं असा लावला आहे, आणि तो काही फारसा चुकीचा नाही.

आमच्या भिंतीला भिंत लागून राहते ती बाई माझ्याच प्लांटमध्ये आहे. ती मलेशियातल्या पेनांग बेटावरची, मूळची चिनी. तिची आई तिच्याकडे राहते. नातवंडं तिला आमा म्हणतात, म्हणजे आजी, म्हणून आम्ही सगळेच आमा म्हणतो. आमाच्या बैठकीच्या खोलीत लाल रंगाचं एक कपाट आहे, त्यावर वीतभर उंचीची लाकडाची देवी. तोंड धुराने काळंभोर झालेलं. तिच्या पुढ्यात पितळेचं धुपाटणं, काठोकाठ राखेने भरलेलं, आणि त्या राखेत सकाळ-संध्याकाळ तीन उदबत्त्या खोचायच्या. मी पहिल्यांदा तिथे गेले तेव्हा त्या वासाने दारातच थांबले. आपल्या गाभाऱ्यातला वास नव्हता तो, तरी पाय आपोआप चपलेतून बाहेर आले.

त्या देवीचं मूळ देऊळ पेनांगच्या बंदरामागच्या गल्लीत आहे, ताओ पंथाचं, फार जुनं. आमा लहानाची मोठी झाली ती त्याच देवळाच्या अंगणात, कारण तिचे वडील तिथले राखणदार होते. म्हणजे जवळजवळ तुमच्यासारखे गुरवच म्हणा. हे मी आईला सांगितलं तेव्हा आईने आमाकडे असं पाहिलं, जणू सोयरीकच निघाली. मग रोज दुपारी दोघी एकत्र. आईला इंग्रजी येत नाही, आमाला मराठी येत नाही, आणि दोघींना त्याचं काही वाटत नाही. मी किंवा शेजारीण घरी असलो की मधे बसून दुभाषाचं काम करायचो. आमा बोलायची ते शेजारीण इंग्रजीत आणायची, मी मालवणीत टाकायचे, आणि उत्तर उलट्या वाटेने परत जायचं. बारीकसारीक मध्ये गळतही असेल. पण देवळाची गोष्ट अशी पोचली.

ही देवी समुद्राची. दर्यावर गेलेल्यांना सांभाळते, म्हणून तिला समुद्राची आई म्हणतात. आमाचा पणजा चीनच्या किनाऱ्यावरचं आपलं गाव सोडून निघाला तेव्हा त्याने गावच्या देवळातल्या धुपाटण्यातली मूठभर राख लाल फडक्यात बांधून घेतली. त्यांच्यात मूर्ती नंतर, आधी राख. राख जिथे जाईल तिथे देवी गेली, आणि त्या राखेवर नवं देऊळ उभं राहिलं की ते जुन्या देवळाचं लेकरू. वाटेत जहाजावर गाठोडं भिजलं. पेनांगला उतरल्यावर पणज्याने राख किनाऱ्यावर पसरून वाळवली, गोळा करताना तिच्यासोबत वाळूही आली. देऊळ त्यावरच बांधलं गेलं. तिथली म्हातारी माणसं अजून म्हणतात की आमच्या देवीच्या पायाला वाळू लागलेली आहे. देवळाच्या छपरावर मोठाले ड्रॅगन आहेत, ते फुटलेल्या चिनी मातीच्या वाडग्यांचे. कारागीर धडधाकट वाडगे मुद्दाम फोडायचे आणि त्यातला एकेक तुकडा खवल्यासारखा बसवायचे. उंबऱ्यावर पाय द्यायचा नाही, ओलांडायचा. उजव्या दाराने आत, डाव्याने बाहेर. देवीच्या जन्मदिवसाला पालखी निघते, देवळासमोर नाटक होतं, आणि नाटकातले लोक तोंड करतात देवीकडे. माणसं बघायला आली तर आली, नाही आली तरी खेळ पुरा करायचा, कारण खेळ तिच्यासाठी आहे. हे ऐकून आई म्हणाली, "दशावतारच तो! दुसरां काय?" आणि सगळ्यात मजा म्हणजे, काही वर्षांनी देवीला समुद्रापलीकडच्या मूळ देवळात घेऊन जातात, तिथल्या राखेतली थोडी राख हिच्या राखेत मिसळतात आणि परत आणतात. याला ते म्हणतात, देवी माहेरी गेली. मी हे आईला सांगताना माझाच आवाज जरा बदलला. शिमग्यात आपली देवी खालच्या वाडीत माहेरपणाला जायची तेव्हा पालखी उचलताना तुम्ही जे काही पुटपुटायचा, ते मला त्या क्षणी आठवलं.

आमाचा नवरा गेल्यावर लेकीने तिला इकडे आणलं, तेव्हा आमानेही पणज्यासारखीच त्या देवळातली राख बरोबर घेतली, कोकोच्या रिकाम्या डब्यात, लाल फडक्यात. डब्लिनच्या विमानतळावर सामान तपासणाऱ्याने डबा उघडला, राख बघितली आणि टोपी काढून हळूच विचारलं, कुणाची आहे? त्याला वाटलं कुणीतरी वारलेलं माणूस. आमा म्हणाली, देवी आहे. त्या बिचाऱ्याने टोपी परत घातली आणि म्हणाला, "ग्रँड सो, ऑफ यू गो." आमा ही गोष्ट सांगते तेव्हा स्वतःच डोळ्यातलं पाणी पुसेपर्यंत हसते.

आता कौलाची गोष्ट. त्यांच्यातही कौल आहे, बाबा. तुम्ही देवीच्या अंगावर ओले तांदूळ चिकटवायचा, उजवे पडले की होय, डावे पडले की नाही, आणि पडेपर्यंत सारा गाव श्वास धरून. त्यांच्याकडे चंद्रकोरीच्या आकाराचे दोन लाकडी ठोकळे असतात, एक बाजू सपाट, एक फुगीर. देवीपुढे प्रश्न सांगायचा आणि ठोकळे जमिनीवर टाकायचे. एक सपाट आणि एक फुगीर वर आला तर होय. दोन्ही फुगीर वर आले तर नाही. आणि दोन्ही सपाट वर आले तर देवी हसली. हसली म्हणजे तुमचा प्रश्नच नीट नाही, किंवा उत्तर तुम्हाला ठाऊक आहे आणि उगीच विचारताय. मोठी गोष्ट असेल तर लागोपाठ तीनदा होय यावं लागतं. आमाने हे दाखवलं त्या संध्याकाळी मी घरी येऊन भांडी घासता घासता तुमच्यावर नव्याने चिडले.

कारण तुम्ही साऱ्या गावाचा कौल लावायचा. हरवलेल्या म्हशीचा, विहिरीच्या जागेचा, मुंबईला गेलेल्या आणि पत्र न पाठवणाऱ्या पोरांचा. बारावीनंतर मला पुण्याला प्रवेश मिळाला, तेव्हा मी देवळात तुमच्या मागे उभी राहून म्हटलं, बाबा, माझाही लावा, जाऊ की नको. तुम्ही समईची वात सारत होता. मागे वळूनही पाहिलं नाही. म्हणालात, "आपल्या माणसाचो कौल आपण लावचो नाय, बाये." आणि परत वातीकडे वळलात. मला वाटलं, मुलीसाठी देवाला त्रास द्यायचा नसेल यांना. म्हशीला जे मिळतं ते मला नाही. मी निघाले त्या दिवशी एसटीच्या खिडकीतून तुम्ही माझ्या हातात अंगाऱ्याची पुडी दिलीत, आपल्या देवीची, वर्तमानपत्राच्या कागदात बांधलेली. "ठेव," एवढंच म्हणालात. रागात मी ती कपाळाला लावली नाही, पण टाकलीही नाही. पुण्याला मी पहिली नोकरी धरली आणि तुम्ही गेलात. पुडी खोल्या बदलत, देश बदलत इथवर आली. आमच्या हॉट प्रेसमध्ये असते. हॉट प्रेस म्हणजे गरम पाण्याच्या टाकीचं कपाट, या ओल्या देशात घरातली तेवढीच एक जागा कायम कोरडी.

तर झालं असं, की शाळेच्या सुट्टीत शेजारीण सगळ्यांना घेऊन आठवडाभर समुद्रकाठी केरीला गेली. किल्ली आमच्याकडे दिली आणि म्हणाली, सकाळ-संध्याकाळ तेवढ्या तीन उदबत्त्या लावाल का? मी आणि नवरा दोघेही कामावर. आई म्हणाली, मी लावतंय. बाबा, तिचं तोंड तुम्ही पाहायला हवं होतं. तुम्ही होतात तोवर देवळातल्या समया, घंगाळं, ताम्हणं सगळं तिच्या हातून जायचं. गाभाऱ्यात नाही, पण मागच्या पडवीत चिंच लावून लखलखीत करून ठेवायची आणि तुम्ही ते उचलून आत न्यायचा. तुमच्यानंतर देवळाची पाळी काकांच्या घरी गेली. मग कुणीतरी तिला प्रेमाने सांगितलं, वहिनी, तुमी आता कित्याक त्रास घेतास? वाईट कुणीच नव्हतं, रीतच तशी. पण त्यानंतर तिच्या हाताला देवाचं भांडं लागलं नव्हतं. आता तिच्याकडे एका अख्ख्या देवीची किल्ली होती. सकाळी आंघोळ करून, धुतलेलं लुगडं नेसून, वर माझा जाडा कोट घालून ती शेजारच्या दारात जायची, उंबरा न विसरता ओलांडायची.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी तिने ते धुपाटणं नीट पाहिलं. संध्याकाळी मला म्हणाली, "शिरा पडो, देवाचां भांडां ह्यां? नुसतो उकिरडो झालोहा. बिचारी आमा, तिका आता वाकाक जमणां नाय." मी फोनवर होते, मी हूं म्हटलं. माझं हूं कुठे कुठे नडतं बघा. दुसऱ्या दिवशी अमावास्या संपून नवा महिना लागत होता. आईने आमच्या स्वयंपाकघरातली चिंच नेली आणि धुपाटणं रिकामं करून असं घासलं, की त्यात तोंड दिसावं. मग उदबत्त्या उभ्या राहाव्यात म्हणून त्यात स्वच्छ निवडलेले तांदूळ भरले. वर हळदीकुंकवाची दोन बोटं ओढली. घरी येऊन म्हणाली, "आज देवी हसाक लागली." मीही कौतुकाने जाऊन बघून आले. खरंच सुंदर दिसत होतं. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती म्हणतात, पण गंमत अशी की मारुती झालाय हे आम्हा दोघींना कळलंच नाही.

आमा परत आली, कपाटासमोर गेली आणि हातातली पिशवी तिच्या हातातून खाली गेली. ती ओरडली नाही. भिंतीला धरून खुर्चीत बसली आणि त्या चकचकीत पितळेकडे बघत राहिली. शेजारीण धावत मला बोलवायला आली. तेव्हा मला समजलं की ते धुपाटणं असं कधी हलवायचंच नसतं. वर्षातून एकदा, नव्या वर्षाच्या आधी, देव वर आपला अहवाल द्यायला जातात अशी त्यांची समजूत आहे. तेवढ्या दिवसांत चमच्याने राख काढून चाळतात, काड्या वेचतात आणि चाळलेली राख परत आत. सगळी राख कुणी फेकत नाही. आणि ही राख तर पणज्याची. आमाला हृदयाचा त्रास, डॉक्टरांनी लांबच्या विमानाला मनाई केली आहे. म्हणजे ती स्वतः आता माहेरी जाऊन नवी राख आणू शकणार नव्हती. तिने लेकीला एकच विचारलं आणि लेकीने मला: देवी घरात आहे, की गेली?

मी आईला सांगितलं. सांगताना सौम्य करायचा प्रयत्न केला, पण आई गुरवाची बायको, तिला सौम्य कशाला लागतंय. तिच्या तोंडचं पाणी पळालं. कोट न घालताच ती शेजारी गेली, आमाच्या खुर्चीसमोर जमिनीवर बसली आणि मला म्हणाली, "तिका सांग, माजा चुकला. माका काय म्हायत नव्हता. मी देवाचां भांडां समाजलंय." मग एकदम मान वर करून, "आणि तिका ह्यां पण सांग, मी तां उकिरड्यार टाकूक नाय. निर्माल्य कोण उकिरड्यार टाकता? मागे झाडाच्या मुळात घातलंय."

ते मी सांगितलं, शेजारणीने पुढे सांगितलं, आणि आमा उठली. त्यांच्या मागच्या अंगणात सफरचंदाचं एक लहान झाड आहे. आम्ही सगळ्या तिथे गेलो. झाडाच्या बुंध्याशी एक राखाडी वर्तुळ होतं, आणि त्यावर दोन-तीन दिवसांचा पाऊस पडून गेलेला. राख कुठली आणि माती कुठली, हे आता देवीच जाणे. आमा वाकू शकत नाही, ती काठीने दाखवायची आणि आई हातांनी उकरायची. तुमची नात गुडघे टेकून गवताच्या काड्या वेचत होती.  वरवरचा थर भाजायच्या ट्रेमध्ये गोळा झाला, काळसर, ओला, त्यात गांडूळही निघालं, ते तिने अदबीने परत सोडलं. ट्रे वाळवायचा कुठे? बाहेर तर रिपरिप चालूच. म्हणून तो आमच्या हॉट प्रेसमध्ये ठेवला, टॉवेलांच्या वरच्या फळीवर.

माती सुकेपर्यंतचे ते दिवस वाईट गेले. आई जेवेना. दुपारी शेजारी जायची नाही, खिडकीतून नुसती त्या घराकडे बघायची. एकदा म्हणाली, "तुझ्या बापाशीक काय तोंड दाखवू?" मी म्हटलं, आई, बाबा हसले असते. ती म्हणाली, "हसलो असतो. पण मगे इचारल्यान असता, देवीचां काय केलंस?"  शेजारीण कामावर मला सांगायची, आमा रागावलेली नाही ग, ती फक्त सकाळी कपाटासमोर गेली की काय करायचं ते तिला कळत नाही. उदबत्ती हातात घेते आणि परत ठेवते. ती रागावली असती तर लागलं नसतं इतकं मला हे लागलं.

माती सुकली तेव्हा आमाने आम्हाला बोलावलं. रविवारची सकाळ, सगळे आंघोळ करून. ट्रेमधली माती कोरडी, भुरभुरीत झाली होती. धुपाटण्यातले तांदूळ काढून ठेवले होते. प्रश्न असा होता की ही माती आत घालायची की नाही, आणि तो देवीलाच विचारायचा. आमाने ठोकळे हातात घेतले, कपाळाला लावले, बराच वेळ डोळे मिटून उभी राहिली आणि मग ते लेकीच्या हातात न देता आईपुढे धरले. आई मागे सरली. आमा तिच्या भाषेत काहीतरी म्हणाली. शेजारणीने मला सांगितलं, "ती म्हणते, मी नाही टाकणार. मला एकच उत्तर हवंय. ज्याला एकच उत्तर हवं असतं त्याने विचारू नये."

बाबा, मी ते आईला लगेच सांगू शकले नाही.  समईसमोर वाकलेली तुमची पाठ दिसली. इतकी वर्षं मला वाटत होतं, तुम्हाला विचारावंसंच वाटलं नाही. आई माझ्याकडे बघत म्हणाली, "काय म्हणता ती? रडतंस कित्याक?" मी सांगितलं. आईने ठोकळे घेतले. तिला हे नवीन नव्हतं, हे कळलं मला. तुमच्या घरात तिने ते माझ्या आधीपासून पाहिलेलं होतं.

शेजारणीने प्रश्न मांडला, इंग्रजीत आणि मग त्यांच्या भाषेत: आई, या मातीत तू आहेस का? आईने ठोकळे टाकले. दोन्ही सपाट वर. देवी हसली. पुन्हा तोच प्रश्न, पुन्हा टाकले. दोन्ही फुगीर वर. नाही. खोलीतली हवाच गेली. आमाने डोळे मिटून घेतले. मला तर त्या ट्रेकडे बघवेना. त्याचं कारण नंतर सांगते. शेजारीण म्हणाली, थांबूया का. पण आई ठोकळे उचलत होती आणि तिच्या कपाळावर आठी होती, तुम्ही चुकीचा नैवेद्य आणलात की पडायची तीच. मला म्हणाली, "आपल्या आवशीक कोण 'असस काय' म्हणान इचारता? ह्यां काय इचारणां झाला? देवाक असा इचारल्यार तो हसतलो, नायतर रागावतलो. गाऱ्हाणां घालूक व्हया." मग एकदम आवाज खाली करून, "बायलमाणसान घालूचा नसता."

मी हे शेजारणीला सांगितलं, गाऱ्हाणं म्हणजे देवाला मोठ्याने केलेली विनवणी, ती बायकांनी करायची नसते आमच्यात. आमाने लेकीकडून ऐकलं आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिचे ओठ जरा हलले. ती म्हणाली, "ही देवी स्वतःच बाई आहे."

आईने डोक्यावर पदर घेतला. देवळातल्या खांबाआड उभं राहून आयुष्यभर ऐकलेलं तिच्या तोंडून बाहेर आलं, आधी पुटपुटत, मग तुमच्याच चालीत. "गे आवशी, समुद्राचे आवशी! आज ह्या परक्या मुलखात तुझी लेकरां तुझ्या पायाकडे उभी आसत…" आणि ती थांबली. कारण पुढचं लोकांनी म्हणायचं असतं. तेवढ्यात माझ्या मागून बारीक आवाज आला, "व्हय म्हाराजा!" तुमची नात. झोपताना आजीने तिला खेळ म्हणून शिकवलेलं. इथे जन्मलेली, घरात मराठीचा एक शब्द न बोलणारी पोर, चेहरा एकदम गंभीर. आईचा आवाज चढला. "माझ्या हातसून चूकभूल झाली, ती पदरात घी!" व्हय म्हाराजा! आता मीही म्हणत होते. "तुझ्या पणज्यान वाळू घातल्यान ती तू चालवन घेतलंस, आता ह्या झाडाखालची माती चालवन घी. तुझ्या म्हायेरसून नवी राख येयसर ह्या मातयेत ऱ्हव!" व्हय म्हाराजा! शेजारीण आणि आमाही शेवटच्या वेळी म्हणाल्या, त्यांना जमलं तसं. पणजा आमाचा की देवीचा, हा घोळ आईने आवेशात केलाच, पण तो दुरुस्त करायला तिथे कुणी नव्हतं.

ठोकळे पडले. एक सपाट, एक फुगीर. पुन्हा टाकले. तसेच. तिसऱ्यांदा टाकले तेव्हा एक सपाट पडला, दुसरा घरंगळत कपाटाखाली गेला आणि तुमची नात पोटावर झोपून बघत ओरडली, "इट्स द राउंड वन! राउंड साइड अप!" म्हणजे फुगीर बाजू वर, तिसरं होय. आमा खाली बसली ती आईच्या गळ्यातच. दोघी रडत होत्या आणि आपापल्या भाषेत एकमेकींना शांत हो म्हणत होत्या. मातीने धुपाटणं भरलं. आमाने तीन उदबत्त्या लावल्या, त्या या मातीत झकास उभ्या राहिल्या. शेजारीण पुढच्या वर्षी पेनांगला जाऊन नवी राख आणणार आहे. आता पेनांगचे म्हातारे म्हणतील देवीच्या पायाला वाळू आहे, आणि इथे म्हणतील आयर्लंडचा चिखल आहे.

आई परत जायच्या आदल्या दिवशी मी तिला विचारलं, माझ्या वेळी बाबांना कुठलं उत्तर हवं होतं ग, जा की राहा? ती बॅग भरत होती. म्हणाली, "तां तेका तरी खय म्हायत होता?" आणि मग, "रातभर निजलो नाय पण." मला एवढं पुरलं, बाबा. मला तुमचा राग होता, तो आता नाही. तुमची आठवण मात्र येते, आणि ती रागापेक्षा अवघड आहे.

आमा मला म्हणते, गेलेल्या माणसाला पत्र लिहिलं तर ते जाळायचं, धुरातून पोचतं. तिने त्यासाठीचा पत्र्याचा डबासुद्धा दाखवला. पण हे पत्र मी जाळणार नाही, हॉट प्रेसमध्ये ठेवणार आहे, कारण एक गोष्ट तुम्हाला इतक्यात पोचायला नको. ट्रे तिथे वाळत होता तेव्हा एका सकाळी मी टॉवेल काढायला गेले आणि तुमची पुडी हाताला लागली. मी ती उघडली आणि आपल्या देवीचा अंगारा त्या मातीत रिकामा केला, बोटांनी कालवला. देवी आधी हसली आणि मग नाही म्हणाली, तेव्हा माझी पाचावर धारण बसली ती त्यामुळे. आईला सांगितलेलं नाही, आमालाही नाही. दोन देवी एका धुपाटण्यात चालतील का, याचा कौल आधी लावायला हवा होता, हे गुरवाच्या मुलीला कळत नाही असं नाही. पण मलाही एकच उत्तर हवं होतं.